नेवाशाचा सुकाळ

दुष्काळ हा शब्द ठाऊक नाहीं असें घर महाराष्ट्रांत सांपडणें कठीण. त्याचा जोडीदार जो सुकाळ, तो मात्र हल्लीं व्यवहारांतून बराच मागें पडला असून वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत उपहासापुरता उरल्यासारखा दिसतो. आश्वासनांचा सुकाळ, समित्यांचा सुकाळ, वाचाळांचा सुकाळ असे प्रयोग नेहमीं कानीं पडतात. धान्याचा सुकाळ झाला असें मात्र क्वचितच कोणी म्हणतो. धान्याविषयीं बोलावयाचें झाल्यास उत्पादन वाढलें, साठा पुरेसा आहे, अशी भाषा रूढ झाली आहे. सातशें वर्षांहून अधिक काळ मराठींत नांदलेला शब्द असा थट्टेच्या कामीं लागावा ही गोष्ट खेदाची खरी. परंतु त्याचा पूर्वेतिहास पाहूं गेल्यास खेदापेक्षां कुतूहलच अधिक वाटूं लागतें. आणि तो पाहण्यास, २०२४ सालापर्यंत जो अहमदनगर म्हणून ओळखला जात होता त्या अहिल्यानगर जिल्ह्यासारखें दुसरें ठिकाण नाहीं.

मराठींत विपुलतेचे शब्द थोडे नाहींत. पुष्कळ, भरपूर, विपुल, चिक्कार, रेलचेल. शिवाय देशावरच्या खेड्यांतून अजून ऐकूं येणारे बख्खळ आणि मायंदाळ. प्रत्येकाची चाल निराळी. उदंड हा शब्द मुळांत उगारलेल्या दांड्याचा. संस्कृतांत उद्दंड म्हणजे ज्यानें दंड वर उचलला आहे असा, अर्थात् कोणास न जुमानणारा. मराठीनें त्यांतली दांडगाई काढून टाकली आणि आयुष्य, कीर्ति, पीक अशा चांगल्या गोष्टींस तो जोडून दिला. मुबलक हा अरबींतून आलेला; त्याचा मूळचा अर्थ रक्कम असा आहे. हिशेबाच्या वहींतून निघून तो कोठारांत आणि तेथून स्वैंपाकघरांत शिरला. बरकत हाही अरबीच, पण त्यांत मोजदाद नाहीं; ईश्वरी कृपेनें वाढणारें जें कांहीं तें बरकत. धान्य मापतांना पहिल्या मापास एक न म्हणतां लाभ म्हणण्याची चाल आहे, ती याच भावनेच्या जवळची. लयलूट या शब्दांतली लूट तर उघडच दिसते.

या बहुतेक शब्दांत विपुलता म्हणजे वस्तूंचा ढीग. सुकाळ या शब्दांत वस्तु मुळींच नाहीं. सु म्हणजे चांगला, आणि त्यापुढें काळ, एवढेंच. (शाळेंतल्या लहान मुलांस सुकाळ म्हणजे सुका काळ असें वाटण्याचा संभव असतो, आणि मग दुष्काळाशीं त्याचा विरोध कसा तें त्यांस उमगत नाहीं. सुकणें हा धातु अगदीं निराळा. त्याचा येथें संबंध नाहीं.) किती पोतीं, किती पायली, हें हा शब्द सांगत नाहीं; दिवस कसे आहेत एवढेंच सांगतो.

शेजारच्या भाषा पाहिल्या म्हणजे हा विचार एकट्या मराठीचा नाहीं असें ध्यानांत येतें. गुजराथींत सुकाळ आणि दुकाळ अशी जोडी आहे. हिंदींत दुष्काळास अकाल म्हणतात. जणूं तो काळच नव्हे. कानडींत बरगाल म्हणतात, त्याच्या शेवटीं हाच काळ उभा आहे, आणि आपल्या सुगीला कानडी शेतकरी सुग्गी म्हणतो. दूर चीन देशांत, कॅंटनकडील भाषेंत, विपुलतेचा फुंग असा एक ग्रांथिक शब्द आहे. तो बहुधा जोडशब्दांत येतो. वर्ष या अर्थाच्या नीन शब्दास लागून फुंग-नीन, म्हणजे पिकाचें भरलेलें वर्ष. रोमन लोकांनीं मात्र निराळी वाट धरली. त्यांच्या आबुंदान्तिया या शब्दांत उंदा म्हणजे लाट आहे. कांठ ओलांडून वाहणारें पाणी. इंग्रजींतला विपुलतावाचक शब्द तेथूनच आला. तथापि त्याच रोमन लोकांत वर्षाच्या धान्यास आन्नोना म्हणत, आणि त्याच्या पोटांत वर्ष या अर्थाचा आन्नुस होता. आपल्या अन्नाशीं त्याचें दिसणारें साम्य केवळ नादाचें आहे. त्यावरून नातें जोडण्याचा मोह आवरावा हें बरें.

संस्कृतांत याच अर्थाचा दुसरा एक शब्द आहे, सुभिक्ष. गुढीपाडव्यास पंचांगवाचन होतें त्या वेळीं संवत्सरफळांत तो अजून ऐकूं येतो. ज्या काळीं भिक्षा सहज मिळते तें सुभिक्ष, आणि ज्या काळीं ती मिळणें कठीण तें दुर्भिक्ष. कणगी किती भरली आहे हें पाहून सुभिक्ष ठरत नाहीं. दारीं आलेल्याची झोळी रिकामी जाते कीं भरून जाते यावरून तें ठरतें. सुकाळाचा स्वभावही असाच आहे. समृद्धि एका घराची असूं शकते, श्रीमंती तर एका माणसाचीही असते. परंतु पाटलांच्या वाड्यांत सुकाळ आहे असें मराठी माणूस म्हणत नाहीं. सुकाळ म्हटला कीं तो गांवाचा, मुलखाचा, अख्ख्या सालाचा. ज्याच्या शेतांत कांहींच पिकलें नाहीं त्यासही ज्यांत पोटभर मिळतें, तो सुकाळ.

आतां नेवाशाकडे वळावयाचें. प्रवरा नदीच्या कांठच्या या गांवीं शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्यें ज्ञानेश्वरी पूर्ण झाली आणि सच्चिदानंदबाबांनीं ती लिहून घेतली, असें ग्रंथाच्या शेवटींच नमूद आहे. त्या वेळीं देवगिरीस रामचंद्रदेव यादवाचें राज्य होतें. ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनीं ग्रंथ सांगितला असें परंपरा मानते, तो पैसाचा खांब नेवाशास आजही आहे. भाविक त्याला मिठी मारतात. त्याच्यावर देवाच्या दिव्याच्या तेलासाठीं दिलेल्या दानाचा जुना लेख आहे, याकडे मात्र फार थोड्यांचें लक्ष जातें.

ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायाच्या आरंभीं गुरूच्या कृपादृष्टीस एक लांब विनवणी केली आहे. त्या विनवणींत रसांचे समुद्र आहेत, भावार्थाचे पर्वत आहेत, साहित्याच्या सोन्याच्या खाणी आहेत, विवेकाच्या वेलींची लागवड आहे. आणि तेथेंच, मराठी भाषेला नगराची उपमा देऊन, त्या नगरांत ब्रह्मविद्येचा सुकाळ होऊं दे, तेथील देवघेव निव्वळ सुखाची असूं दे, असें मागणें आहे. शब्दाचें रूप सुकाळु असें उकारान्त, त्या काळच्या मराठीच्या वळणाचें.

हें मागणें ओळखीचें झाल्यामुळें त्यांतली नवलाई आपल्या नजरेंतून निसटते. ब्रह्मविद्या ही संस्कृतांत असलेली, थोड्यांच्या हातीं असलेली वस्तु. तिच्यासाठीं ज्ञानेश्वरांपुढें शब्द कितीतरी होते. वर्षाव म्हणतां आलें असतें, भांडार म्हणतां आलें असतें, ठेवा म्हणतां आलें असतें. त्यांनीं शेतकऱ्याच्या आणि वाण्याच्या तोंडचा शब्द उचलला. भांडाराला कुलूप असतें, ठेवा पुरलेला असतो, वर्षाव होऊन वाहून जातो. सुकाळांत मात्र बाजार उघडा असतो, आणि रित्या हातानें आलेलाही रित्या हातानें परत जात नाहीं. त्यांतही नगराची उपमा घेतल्यावर देवघेव आलीच. ज्ञानेश्वर देवघेव टाळीत नाहींत. ती सुखाची व्हावी एवढेंच मागतात. म्हणजे घेणाराही सुखी आणि देणाराही सुखी. धान्याच्या बाजारांत ही गोष्ट किती दुर्मिळ आहे हें पुढें दिसेलच. ग्रंथाच्या अखेरीस पसायदानांत ज्याला जें हवें तें त्याला लाभावें असें जें मागितलें आहे, त्याचें बीज बाराव्या अध्यायांतल्या या शब्दांत पडलेलें दिसतें.

हा शब्द ज्या भूमींत उच्चारला गेला ती भूमि कशी आहे तेंही पाहिलें पाहिजे. जिल्ह्याच्या पश्चिम टोंकास अकोले तालुक्यांत सह्याद्रीचे माथे आहेत. कळसूबाई तेथेंच, प्रवरेचा उगमही तेथेंच रतनगडापाशीं. त्या घाटमाथ्यावर वर्षांत चार-पांच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पूर्वेस उतरलें कीं पाऊस झपाट्यानें कमी होतो, आणि नेवासें, शेवगांव, पाथर्डी, कर्जत, जामखेड या बाजूस पांचशे-साडेपांचशे मिलिमीटर झाला तरी लोक समाधान मानतात. तोही वेळेवर आला पाहिजे. मृगांत पडून आर्द्रांत दडी मारली तर पेरलेलें वाळतें. हस्ताचा चुकला तर रब्बीची ज्वारी जाते. एकूण आंकडा पुरा असूनही वेळ चुकल्यामुळें साल बुडालेलें या जिल्ह्यानें अनेकदां पाहिलें आहे. काळ या शब्दाचें महत्त्व येथल्या शेतकऱ्यास व्याकरणकारानें शिकविण्याची गरज नव्हती.

ज्ञानेश्वरीनंतर शंभर-सव्वाशें वर्षांत दख्खनवर दुर्गादेवीचा दुष्काळ कोसळला. १३९६ पासून बारा वर्षें तो चालला असें परंपरा सांगते. १६३० च्या दुष्काळांत निजामशाही मुलूख मोंगलांच्या स्वारीखालीं आधींच भरडला जात होता. त्याच दुष्काळांत देहूस तुकाराम महाराजांची पहिली पत्नी अन्नावांचून गेली. जुन्या कागदपत्रांत अस्मानी आणि सुलतानी असे संकटाचे दोन प्रकार येतात. एक आकाशांतून येणारें, दुसरें राजाकडून वा लष्कराकडून. नगरनें दोन्ही एकदम भोगल्याचें ठळक उदाहरण १८०३-०४ चें. आधीं होळकरांच्या व पेंढाऱ्यांच्या फौजांनीं मुलूख उजाड केला, मग ऑगस्ट १८०३ मध्यें जनरल वेलस्लीनें नगरचा किल्ला घेतला, आणि पाठोपाठ दुष्काळ पडला. पाऊस असला तरी शांतता नसेल तर सुकाळ नाहीं, हें त्या सालानें शिकविलें.

जुन्या व्यवहारांत सुकाळ-दुष्काळ मोजण्याचें माप होतें तें धारणीचें. धारण म्हणजे धान्याचा चालू भाव. पण तो आजच्यासारखा मणाला किती रुपये असा सांगत नसत. रुपयास किती शेर, किती पायली, असा सांगत. रुपया जागच्या जागीं, आणि धान्य वरखालीं. त्यामुळें त्या काळीं मोठा आंकडा ऐकला कीं ऐकणाराचा जीव थंड होई, आणि लहान आंकडा ऐकला कीं धसका बसे. आज बाजारांतून येणाऱ्या गृहिणीच्या तोंडून मोठा आंकडा निघाला तर घरांत काळजी पसरते. आंकडा तोच, पण सुकाळाचें चिन्ह होतें तें टंचाईचें झालें. भाषेच्या इतिहासांत अशा उलथापालथी असतात, त्यांची नोंद कोशकारही करीत नाहींत.

पैशाची रेलचेल म्हणजे सुकाळ नव्हे, याचा धडा या जिल्ह्यास एकोणिसाव्या शतकांत मिळाला. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तेथला कापूस विलायतेस जाईना, म्हणून हिंदुस्थानच्या कापसाचे भाव आकाशास भिडले. दख्खनच्या शेतकऱ्याच्या हातीं पैसा खेळूं लागला, आणि त्याहूनही अधिक त्याची पत वाढली. सावकार कर्ज द्यावयास तयार. शेतकरी घ्यावयास तयार. लग्नें थाटानें झालीं, बैलजोड्या आल्या, विहिरी खणल्या. युद्ध थांबलें, भाव कोसळले, आणि खतें मात्र राहिलीं. व्याज वाढत गेलें, सरकारी सारा वाढला, जमिनी गहाण पडल्या. मे १८७५ मध्यें पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें दंगा झाला आणि तो लवकरच नगर जिल्ह्याच्या श्रीगोंदें, पारनेर, कर्जत, नगर या भागांत पसरला. ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं दंगेखोरांचा रोख बहुतेक ठिकाणीं माणसांवर नव्हता. त्यांस कर्जरोखे हवे होते. ते हातीं आले कीं जाळून टाकीत. पुढच्याच वर्षीं पाऊस रुसला आणि १८७६-७८ चा महादुष्काळ सुरू झाला. १८७९ सालीं सरकारनें दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं कर्जनिवारणाचा कायदा केला. तो ज्या चार जिल्ह्यांस लागू झाला त्यांत नगर एक होता. कापसाच्या त्या चार-पांच वर्षांना समृद्धि म्हणावयाचें तर म्हणावें. परंतु ती एका दूरच्या देशांतल्या युद्धावर उभी होती, आणि जे घेत होते त्यांच्या सुखाची किंमत त्यांनाच व्याजासह द्यावी लागली.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या लागोपाठच्या दुष्काळांनंतर कालव्यांचा विचार जोर धरूं लागला. प्रवरेवर भंडारदरा येथें धरण बांधण्यास १९१० मध्यें आरंभ झाला आणि १९२६ मध्यें तें पुरें झालें. घाटमाथ्याचा पाऊस अडवून तो पूर्वेच्या कोरड्या रानास द्यावा, म्हणजे पश्चिमेचा सुकाळ पूर्वेस वांटून द्यावा, ही कल्पना मोठी होती. पाण्यानें काम केलें, पण ठरल्याप्रमाणें नव्हे. दुष्काळापासून रक्षण म्हणजे ज्वारी-बाजरीचें रक्षण असें योजकांच्या मनांत होतें; बारमाही पाणी मिळतांच शेतकरी उंसाकडे वळला. हरेगांवला बेलापूर कंपनीचा खाजगी साखर कारखाना उभा राहिला, आणि १९५० मध्यें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांनीं लोणी येथें शेतकऱ्यांचा सहकारी कारखाना सुरू झाला. ज्या रानांत कुसळें उगवत तेथें पक्कीं घरें, शाळा, महाविद्यालयें, दवाखाने झाले. हें श्रेय मोठें आहे आणि तें कोणी नाकारूं नये.

परंतु त्याच जिल्ह्याच्या पाथर्डी आणि जामखेड तालुक्यांतून, आणि लगतच्या बीडमधून, दसरा-दिवाळी झाली कीं हजारों कुटुंबें बैलगाड्या घेऊन वा ट्रकांत बसून उंस तोडावयास निघतात. मुलें बरोबर, शाळा अर्धी सुटते. उचल आधींच घेतलेली असते, ती फेडण्यासाठीं कोयता चालवावयाचा. बागाइती पट्ट्यांत समृद्धि आहे यांत शंका नाहीं. त्याच दिवसांत त्याच फडाच्या कडेला पालांत राहणाऱ्यांसाठीं काळ कसा आहे, हें विचारल्याशिवाय तेथें सुकाळ आहे असें म्हणतां येणार नाहीं. शब्दाचा अर्थच तशी मोकळीक देत नाहीं.

१९७२ च्या दुष्काळांत धान्य विकत घेण्यास पैसा नाहीं ही अडचण पुढें आली, आणि रोजगार हमीची कल्पना त्यांतून रुजली. तिचा कायदा १९७७ मध्यें झाला. त्या सालची सुकडी वृद्धांच्या आठवणींत अजून आहे. मुळा नदीवर बारागांव नांदूर येथें धरण झालें तें त्याच दशकांत. त्याच्या जलाशयाला ज्ञानेश्वरसागर असें नांव दिलें आहे, आणि त्याचें पाणी नेवाशाच्या शिवारांत पोंचतें. सुकाळ मागणाऱ्याचें नांव साठ्याला मिळालें हें योग्यच झालें.

नगर तालुक्यांतल्या हिवरें बाजार या गांवानें मात्र साठ्यापेक्षां हिशेबावर भर दिला. पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें १९९० नंतर तेथें बांध, चर, झाडें हीं कामें झालींच. त्याहून विशेष म्हणजे गांव दरवर्षीं पडलेला पाऊस मोजतें, माणसांस, गुरांस व शेतास मिळून किती पाणी आहे तें ग्रामसभेंत मांडतें, आणि कोणतें पीक घ्यावयाचें तें त्यावरून ठरवितें. शेतीसाठीं कूपनलिका नाहीं, उंस नाहीं. एकट्यानें अधिक पाणी उपसावयाचें नाहीं असा हा करार आहे. सुकाळ घराचा नसून गांवाचा असतो हें जुन्या शब्दांत होतें. तें येथें ठरावाच्या वहींत उतरलें.

उरला बाजार. नेवासें तालुक्यांतच घोडेगांव येथें कांद्याचा मोठा बाजार भरतो. जिल्ह्यांतून आणि बाहेरून गाड्या येतात, लिलाव होतात. ज्या वर्षीं पाऊस, थंडी, मजुरी सारें जमून येतें आणि कांदा रानोरान पिकतो, त्या वर्षीं शहरांतल्या घरीं टोपलीभर कांदा स्वस्तांत येतो, आणि घोडेगांवला गाडीभाडें निघेना म्हणून शेतकरी डोक्याला हात लावून बसतो. घेणारा सुखी, देणारा दुःखी. ज्या वर्षीं भाव चढतो त्या वर्षीं बहुधा पीकच हातीं आलेलें नसतें, आणि घेणाऱ्याचीही तक्रार चालू होते. नेवाशाच्या खांबापाशीं मागितलेली सुखाची देवघेव कांद्याच्या बाबतींत अजून जमलेली नाहीं. भरघोस पिकाच्या त्या वर्षाला घोडेगांवच्या बाजारांतला शेतकरी सुकाळ म्हणत नाहीं. तो म्हणतो, यंदा भाव पडले.